विमानतळाचे नाव बदलले, मालक बदलला. पण बिंदुनामावली कुठे गेली?

मुंबईच्या विमानतळाबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टींवर वाद होतो. एक त्याचे नाव आणि दुसरा त्याचा मालक. १९९९ मध्ये त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले, २०१८ मध्ये त्या नावात 'महाराज' हा शब्द जोडला गेला. २०२१ मध्ये विमानतळ अदानी समूहाकडे गेला, तेव्हा मराठी माणूस विरुद्ध गुजराती भांडवल असा सामना रंगला. या सगळ्या गदारोळात तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही. या विमानतळावर १५ टक्के अनुसूचित जाती, साडेसात टक्के अनुसूचित जमाती आणि २७ टक्के ओबीसी यांची बिंदुनामावली होती. तिचे काय झाले?

ती कोणी फाडली नाही, कोणत्या न्यायालयाने रद्द केली नाही, संसदेत तिच्याविरुद्ध ठराव झाला नाही. नोकरी देणारा मालक बदलला आणि तिची गरजच संपली. आरक्षण संपवण्याची ही पद्धत समजून घ्यायची असेल, तर मुंबई विमानतळाचा इतिहास आंबेडकरी तरुणांनी वाचलाच पाहिजे.

युद्धाची धावपट्टी आणि मजूरमंत्री बाबासाहेब

मुंबईचे पहिले विमानतळ जुहूचे, १९२८ सालचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथेच. जुहूची धावपट्टी अपुरी होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझला मोठा तळ उभारला. आजचा आंतरराष्ट्रीय विमानतळ त्याच तळावर वाढला.

हा तळ उभा राहत होता त्याच काळात, जुलै १९४२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते तेव्हा मजूर खात्याच्याच अखत्यारीत होते. त्याच वर्षी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यात सरकारी नोकऱ्या, शिष्यवृत्त्या यांच्याबरोबर आणखी एक मुद्दा होता, तो आपण सहसा विसरतो. सरकारी बांधकामाच्या ठेक्यांमध्ये अस्पृश्यांना वाटा नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे सरकारी तिजोरीतून जिथे जिथे पैसा वाहतो, तिथे तिथे आपला हिस्सा असला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. आजच्या बिंदुनामावलीचे मूळ त्या निर्णयात आहे.

१९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन संविधान सभेपुढे ठेवले. कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि राज्यानेच ते चालवावेत, ही तरतूद संविधानातच असावी असे त्यांचे म्हणणे होते. त्यामागचा तर्क साधा होता. सरकारने हात काढून घेतला म्हणजे माणूस मोकळा होतो असे नाही. तो खासगी मालकाच्या हुकमतीखाली जातो. मत द्यायला स्वतंत्र असलेला माणूस भाकरीसाठी मालकापुढे गप्प बसत असेल, तर त्याचे मूलभूत हक्क कागदावरच राहतात.

सार्वजनिक क्षेत्राची पन्नास वर्षे

स्वातंत्र्यानंतर सांताक्रूझचा तळ नागरी विमानतळ झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले.

आंबेडकरी माणसाच्या स्मरणात मात्र सांताक्रूझ विमानतळ दुसऱ्याच दिवसासाठी आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले ते याच विमानतळावर. मध्यरात्र उलटून गेली तरी लोकांची रीघ थांबत नव्हती. तिथून पार्थिव राजगृहावर गेले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या रात्री सांताक्रूझला जमलेल्या गिरणी कामगारांच्या, सफाई कामगारांच्या समाजाला विमान प्रवास स्वप्नातही परवडणारा नव्हता. पण पुढच्या पिढीसाठी त्याच विमानतळाचे दार उघडले ते तिकिटाने नाही, संविधानाने.

१९७२ मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार विमानतळांसाठी आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण आले. १९८० च्या दशकात सहारची आंतरराष्ट्रीय इमारत सुरू झाली. १९९५ मध्ये दोन प्राधिकरणे एकत्र होऊन भारतीय विमानतळ प्राधिकरण बनले. संविधानाच्या कलम १२ नुसार हे प्राधिकरण 'राज्य' आहे, म्हणून कलम १६(४) चे आरक्षण तिथे लागू आहे. कारकून, अभियंता, अग्निशमन कर्मचारी, हवाई वाहतूक नियंत्रक, सगळीकडे. एका पगारावर घर, मुलांचे शिक्षण आणि गावाकडच्या भावाची फी, असे आपल्या समाजाचे अनेक संसार अशा सरकारी नोकऱ्यांवर उभे राहिले. सार्वजनिक क्षेत्र आपल्याला दोष नसलेले कधीच नव्हते. पण तिथे भांडायला नियम होता आणि दाद मागायला जागा होती.

झाडू कुणाच्या हातात?

खासगीकरण २००६ मध्ये एका रात्रीत आले नाही. ते आधी झाडूच्या वाटेने आले.

९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींत झाडलोट, सफाई आणि पहारा या कामांत कंत्राटी कामगार ठेवण्यास बंदी घातली. तरीही एअर इंडियाच्या इमारतींत ही कामे कंत्राटावर चालत राहिली. मुंबईतल्या युनायटेड लेबर युनियनने उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ मध्ये न्या. के. रामस्वामी यांच्या पीठाने निकाल दिला, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली, तर त्या कामगारांना मूळ आस्थापनेने सामावून घेतले पाहिजे. रामस्वामी हे सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेल्या मोजक्या दलित न्यायमूर्तींपैकी एक होते.

हा निकाल पाच वर्षे टिकला. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील अथॉरिटी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो उलटवला. बंदी आली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, असे ठरले आणि १९७६ ची ती अधिसूचनाही रद्द झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाल्को प्रकरणात न्यायालयाने निर्गुंतवणूक हा सरकारचा धोरणात्मक अधिकार मानला. झाडूवाल्याचा कायम होण्याचा रस्ता आणि कर्मचाऱ्याचा खासगीकरण रोखण्याचा रस्ता, दोन्ही एकाच वर्षी बंद झाले.

२००३ मध्ये कायद्यात बदल करून विमानतळ भाड्याने देण्याची वाट मोकळी केली गेली. ४ एप्रिल २००६ रोजी जीव्हीकेच्या नेतृत्वाखालील कंपनीशी करार झाला. ७४ टक्के हिस्सा खासगी, २६ टक्के प्राधिकरणाचा. मुदत ३० वर्षे, पुढे आणखी ३० वर्षांची सोय. त्याआधी फेब्रुवारीत प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांनी देशभर चार दिवस संप केला, पण तो एकाकी पडला. आपली चळवळही त्यांच्यामागे पूर्ण ताकदीने उभी राहिली नाही. २०२१ मध्ये तोच ७४ टक्के हिस्सा अदानी समूहाकडे गेला. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडियाही टाटांकडे परतली. जी दोन दारे आपल्यासाठी उघडी होती, ती दोन्ही अशी मिटली.

विमानतळ खरोखर कोण चालवते?

आता कारभाराकडे पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. तरीही वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी इथून ये-जा करतात आणि गर्दीच्या वेळी मिनिट-दीड मिनिटाला एक विमान चढते किंवा उतरते.

ही विमाने कोण उतरवते? हवाई वाहतूक नियंत्रण, म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरण. सुरक्षा कोण सांभाळते? केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल. हवामान कोण सांगते? भारतीय हवामान विभाग. सीमाशुल्क आणि इमिग्रेशन? केंद्र सरकार. जमीन कुणाची? प्राधिकरणाची, म्हणजे जनतेची. खासगी कंपनीकडे काय गेले? इमारत, दुकाने, पार्किंग, जाहिराती, विमान उतरवण्याचे भाडे, प्रवाशांकडून घेतले जाणारे शुल्क.

म्हणजे जिथे क्षणाची चूक शेकडो जीव घेऊ शकते, ती कामे आजही आरक्षण लागू असलेल्या सरकारी यंत्रणा करतात. आरक्षणामुळे गुणवत्ता घसरते म्हणणाऱ्यांनी एकदा नियंत्रण मनोऱ्याकडे बघावे. कोटा असलेल्या खात्यातली माणसे जगातील अत्यंत व्यस्त धावपट्ट्यांपैकी एक चालवतात. मग परफ्यूमचे दुकान आणि पार्किंगची पावती यासाठीच 'गुणवत्ता' कशी आठवते? उत्तर सरळ आहे. जबाबदारी सरकारी ठेवली आणि कमाई खासगी केली. आरक्षण कमाईच्या बाजूला नको होते.

कुंपणालगतचे लोक

विमानतळाच्या सुमारे ३०० एकर जमिनीवर ऐंशी हजारांहून अधिक झोपड्या असल्याचे सांगितले जाते. जरीमरी, क्रांतीनगर, संदेशनगर या वस्त्यांना 'अतिक्रमण' म्हटले जाते. पण ही माणसे आली कशाला? अण्णावाडीचे उदाहरण घ्या. १९९१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी तामिळनाडूहून आणलेल्या मजुरांनी काम संपल्यावर तिथली दलदल भरून घरे बांधली. कॅथरीन बू यांच्या २०१२ च्या पुस्तकामुळे ती वस्ती जगाला कळली. धावपट्टी दुरुस्त करताना ते मजूर होते, काम संपल्यावर अतिक्रमक झाले.

पुनर्वसनासाठी २००७ मध्ये एचडीआयएल या विकासकाशी करार झाला, २०१३ मध्ये तो रद्द झाला. कुर्ल्यात बांधलेली हजारो घरे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि झोपडीवाला १ जानेवारी २००० चा पुरावा शोधत फिरत राहिला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या टी-२ इमारतीत देशभरातील कारागिरांच्या कलेच्या हजारो वस्तू मांडल्या आहेत. कारागिराच्या कलेला भिंत मिळाली. कारागिराच्या लेकराला नोकरीत जागा मिळाली का, हे विचारायची सोय नाही, कारण खासगी कंपनीवर जातवार आकडे जाहीर करण्याचे बंधनच नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : सरकारला विमानतळाच्या उत्पन्नातील ३८.७ टक्के वाटा मिळतो, त्यातून गरिबांसाठी योजना करता येतील. पण आरक्षण ही गरिबी हटाव योजना नाही, ते सत्तेतील प्रतिनिधित्व आहे. पैसे वाटून प्रतिनिधित्वाची भरपाई होत नाही.

दुसरा आक्षेप : खासगी मालकावर सक्ती कशी करणार? २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आणून अल्पसंख्याक संस्था वगळता खासगी शिक्षणसंस्थांत राखीव जागांची वाट मोकळी केली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांच्या बाबतीतही ती वैध ठरवली. शिक्षणात जे चालते, ते सरकारी जमिनीवर चालणाऱ्या नोकरीत का चालू नये? आणि इथे तर घटनादुरुस्तीचीही वाट पाहायला नको. जमिनीचा मालक प्राधिकरण आहे. घरमालक भाडेकरूला अटी घालतो, तशी प्रतिनिधित्वाची अट भाडेकरारात घालता येते. २०११ मध्ये दिल्ली विमानतळावर ट्रॉली गोळा करणाऱ्या कामगारांच्या प्रकरणात कंत्राटी कामावरील बंदी खासगी चालकालाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले होते. वाट अवघड आहे, पण बंद नाही.

आपण काय करायचे?

२०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात सरकारी उपक्रमांच्या खरेदीपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून घेण्याची तरतूद आहे. १९४२ च्या निवेदनातला ठेक्यांचा मुद्दा सत्तर वर्षांनी अशा रूपात आला. तो भाडेपट्ट्यावर दिलेल्या विमानतळांनाही लागू व्हावा ही मागणी आपण केली पाहिजे. त्याबरोबर जातवार आकडे जाहीर करण्याची सक्ती, कायम स्वरूपाच्या सफाईकामाला कायम नोकरी आणि झोपडीधारकांचे जवळच पुनर्वसन.

मुंबईच्या कराराची पहिली ३० वर्षे २०३६ मध्ये भरतात. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. तिथेही ७४ टक्के अदानी आणि २६ टक्के सिडको हेच गणित आहे. दि. बा. पाटील यांच्या नावासाठी भूमिपुत्र लढले, ते योग्यच होते. पण १९८४ चा त्यांचा लढा फलकावरच्या नावासाठी नव्हता, जमिनीतल्या हिश्शासाठी होता.

तेव्हा मित्रांनो, सुरुवात एका कागदाने करा. विमानतळ प्राधिकरण आणि सिडको दोघांनाही माहितीचा अधिकार लागू आहे. प्राधिकरणाला विचारा : २००६ मध्ये मुंबई विमानतळावर अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींची किती पदे होती, आज किती उरली? सिडकोला विचारा : नवी मुंबईच्या करारात प्रतिनिधित्वाबद्दल एक तरी ओळ आहे का? उत्तर येईल ते जिल्ह्याजिल्ह्यात वाचून दाखवा. आकडा हातात असला की मोर्चाला घोषणा शोधावी लागत नाही.

जय भीम!