हाक आणि ओ

जुलै २०२३ मधल्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्या प्रयोगशाळेतला पीएच. डी.चा एक विद्यार्थी घाबऱ्या घाबऱ्या माझ्या खोलीत आला. “मॅडम, बॅकअपची पेटी गेली! लॅपटॉपला दिसतच नाही.” ही पेटी म्हणजे बिनतारी नेटवर्कवर ठेवलेली एक मोठी डिस्क. सर्वांचे संगणक रोज रात्री आपापल्या माहितीची प्रत तिच्यावर उतरवून ठेवतात. त्याच्या लॅपटॉपची स्वतःची डिस्क आठवडाभर कुरकुर करत होती आणि तीन वर्षांच्या मोजमापांची एकमेव धड प्रत त्या पेटीत होती. पेटीचा हिरवा दिवा तर लागलेला. लॅपटॉपवर इंटरनेटही व्यवस्थित चालू. “पेटीमागचं बटण दाबून ती पुन्हा नव्यासारखी करून घेऊ का?” त्याने विचारले. त्या बटणाने नेमके काय काय पुसले जाईल हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. “अरे थांब, कशालाही हात लावू नकोस,” मी म्हणाले.

संगणक जेव्हा ‘उपकरण सापडले नाही’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ आपण ‘उपकरण नाही’ किंवा ‘बिघडले’ असा घेतो. वर्गात हजेरी घेताना एखादा मुलगा ‘हजर’ म्हणाला नाही, तर तो गैरहजरच असतो असे नाही. आपण नाव घेतले ते त्याला ऐकू गेले नसेल, किंवा तो ‘हजर’ म्हणाला तेव्हाच शेजारचाही बोलला असेल. संगणक एकमेकांना शोधतात ते असेच, हाक मारून. हाकेला ओ मिळावी यासाठी काय काय करावे लागले, याचा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे.

त्याची सुरुवात प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर झाली. हवाई विद्यापीठाचा मुख्य संगणक होनोलुलूजवळच्या मानोआ येथे होता. दूरच्या ठिकाणांहून तो वापरायचा तर टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये रेडिओलहरींनी संगणक जोडण्याचे काम हाती घेतले. (अब्रॅमसन हवाईला गेले त्यात समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरण्याच्या छंदाचाही वाटा होता म्हणतात. विज्ञानाच्या इतिहासात अशा गोष्टींना स्थान द्यायला हरकत नसावी.) जून १९७१ मध्ये हे जाळे सुरू झाले. नाव ठेवले ‘अलोहानेट’. अलोहा हा हवाईतला ‘नमस्कार’.

प्रश्न असा होता, की सर्व टर्मिनलांना केंद्राशी बोलण्यासाठी एकच वारंवारता होती, ४०७.३५ मेगाहर्ट्‌झ. मग कोणी कधी बोलायचे? प्रत्येकाला ठरावीक वेळ वाटून दिली, तर बहुतेक वेळ वाया जाणार, कारण टर्मिनलपुढे बसलेला माणूस टंकन कमी आणि विचार जास्त करतो. अब्रॅमसन यांचे उत्तर थक्क करणारे होते: ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने बोलावे! माहितीचे छोटेसे पुडके करून पाठवून द्यावे. ते नीट पोहोचले तर केंद्रातला संगणक दुसऱ्या वारंवारतेवर पोच देईल. पोच आली नाही, तर दुसऱ्या कुणाच्या पुडक्याशी टक्कर झाली असे समजायचे, थोडे थांबायचे आणि तेच पुन्हा पाठवायचे. मात्र किती थांबायचे ते प्रत्येकाने नशिबावर सोडायचे. दोघेही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेलीच. पोच देणाऱ्या त्या संगणकाचे नाव ‘मेनेहुने’, म्हणजे हवाईच्या लोककथांतले बुटके, कामसू लोक.

हा प्रयोग वर्गात करून पाहण्याजोगा आहे. चाळीस मुलांना डोळे मिटायला सांगा. दोन मिनिटांत प्रत्येकाने मनाला येईल तेव्हा एकदाच आपला हजेरी क्रमांक म्हणायचा. जे क्रमांक अगदी स्वच्छ ऐकू येतील तेवढ्यांवरच खूण करा. एक क्रमांक म्हणायला एक सेकंद लागतो असे धरले, तर गणिताप्रमाणे सुमारे वीस क्रमांक हाती लागायला हवेत. वेळ निम्मा करा, म्हणजे एकच मिनिट द्या, आणि संख्या दहा-अकरावर येईल. म्हणजे दोन्ही खेळांत एकूण वेळेपैकी कामी आला तो सतरा-अठरा टक्केच. अब्रॅमसन यांनी काढलेली कमाल मर्यादा १८.४ टक्के आहे. बारावीच्या मुलांना ती १/२e या स्वरूपात काढून दाखवता येते.

बॉब मेटकाफ यांनी अब्रॅमसन यांचा निबंध वाचला आणि मे १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ‘इथरनेट’ची कल्पना मांडली. तिच्यात बोलण्याआधी कान देऊन ऐकणे आणि टक्कर होताच गप्प बसणे, ही शिस्त आली. पण हे सगळे बोलावे कसे याविषयी झाले. बोलायचे कोणाशी, त्याचा पत्ता काय, हे आधीच ठाऊक आहे असे गृहीत होते.

आणि ते खरेच ठाऊक असे. अमेरिकेतल्या आर्पानेटवरच्या सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच यादीत असत. एलिझाबेथ फाइनलर यांचा गट स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ती यादी राखत असे. नवा संगणक आला की त्यांना कळवायचे, त्या नोंद करणार. हे फार दिवस चालणार नव्हते. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आजची नावांची पद्धत, म्हणजे डीएनएस, सुचवली. तिच्यात यादी हजारो ठिकाणी वाटून ठेवलेली असते. पण यादी कितीही ठिकाणी वाटली, तरी प्रत्येक नाव कोणीतरी आधी नोंदवावेच लागते. घरातल्या प्रिंटरची नोंद कोण करणार?

येथे दुसरी परंपरा उपयोगी पडली, दवंडीची. नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी एक साधा नियम लिहिला: नेटवर्कचा पत्ता माहीत असून यंत्राचा पत्ता माहीत नसेल, तर सर्वांना उद्देशून विचारावे, ‘हा पत्ता कोणाचा?’ ज्याचा असेल त्यानेच उत्तर द्यावे. आजही प्रत्येक घरातल्या नेटवर्कवर ही दवंडी सतत पिटली जात असते. अ‍ॅपलने १९८५ मध्ये ‘अ‍ॅपलटॉक’मध्ये हीच रीत नावांना लावली. ‘कोणी प्रिंटर आहे का?’ असे संगणक विचारी आणि प्रिंटर आपले नाव सांगत.

विंडोजवाल्या संगणकांनी काही वर्षे वेगळीच वाट धरली. त्यांच्यात चक्क निवडणूक होई! निवडून आलेला संगणक शेजाऱ्यांची यादी ठेवी आणि बाकीचे अधूनमधून त्याला आपण जिवंत असल्याचे कळवत. तीन वेळा कळवले नाही की नाव कमी. ही कळवाकळव बारा-बारा मिनिटांनी होत असल्यामुळे बंद केलेला संगणक अर्ध्या तासाहून अधिक काळ यादीत दिसे, आणि समोर चालू असलेला दिसत नसे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमने ज्या जुन्या नियमावलीतून शिरकाव केला, तिच्यावरच ही यादी उभी होती. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत नव्याने बसवलेल्या विंडोज १० मधून ती नियमावली वगळली गेली, आणि अनेक ठिकाणच्या जुन्या बॅकअप पेट्या एका रात्रीत यादीतून नाहीशा झाल्या. पेट्या धडधाकट होत्या. बदलली होती ती फक्त हाक मारण्याची भाषा.

आज आपण जी पद्धत सर्वाधिक पाहतो ती स्टुअर्ट चेशायर यांच्या प्रयत्नांतून आली. अ‍ॅपलने ती २००२ मध्ये ‘राँदेव्हू’ या नावाने आणली आणि नावावरून वाद झाल्यावर २००५ मध्ये ‘बाँजूर’ केली. फ्रेंचमध्ये बाँजूर म्हणजे पुन्हा नमस्कारच. तिचे नियम फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. संगणक २२४.०.०.२५१ या ठरलेल्या सामाईक पत्त्यावर विचारतो, ‘बॅकअप ठेवणारे कोणी आहे का?’ ऐकणाऱ्यांनी लगेच ओ द्यायची नाही, तर २० ते १२० सहस्रांश सेकंदांपैकी मनाला येईल तेवढे थांबून द्यायची. हवाईतली ती नशिबावर सोडलेली वाट पाहणी येथे जशीच्या तशी आहे. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारायचे, पण दर वेळी किमान दुप्पट थांबून: एक सेकंद, दोन, चार, असे करत थेट तासापर्यंत. पहिल्या काही हाका हवेत विरल्या, तर पुढची हाक बरीच उशिरा येते. वायफाय बंद करून पुन्हा चालू केल्यावर हरवलेली पेटी पुष्कळदा दिसू लागते. त्यात जादू नाही. हाका पहिल्यापासून सुरू होतात, एवढेच.

हाका विरतात का? बिनतारी नेटवर्कवर विरतात. १९९७ साली ठरलेल्या वायफायच्या नियमांत प्रत्येक पुडक्याला पोच मिळते, अगदी अलोहानेटसारखी. मात्र सर्वांना उद्देशून पाठवलेल्या पुडक्याला पोच नसते, कारण तीस जणांनी एकदम पोच दिली तर तिचाच गोंगाट होईल. लॅपटॉपची हाक रूटरपर्यंत पोचेसकट जाते. रूटर तीच पुढे सर्वांना ऐकवतो, तेव्हा ती कोणाला ऐकू गेली की नाही हे त्याला कळतच नाही. सर्वांत जुना उपाय नेमका जिथे हवा होता तिथेच लावता येत नाही. या अडचणीची सविस्तर चर्चा इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी २०२१ मध्ये स्वतंत्र दस्तऐवजात केली.

आता आमच्या पेटीकडे. आम्ही आधी एक तार घेतली आणि लॅपटॉप थेट रूटरला जोडला. पेटी तत्काळ यादीत आली. म्हणजे पेटी, तिची डिस्क आणि लॅपटॉप तिन्ही निर्दोष. दोष हवेतल्या टप्प्यात. त्या रात्री मोजमापांची एक प्रत तारेवरूनच दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि मग निवांतपणे तपासाला बसलो. तार काढून लॅपटॉपचा पत्ता पाहिला. तो १६९.२५४ ने सुरू होत असता, तर रूटरने पत्ता दिलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक ठरवून घेतला असा अर्थ झाला असता. तसे नव्हते. पण पेटीच्या पत्त्यातला तिसरा आकडा १ होता आणि लॅपटॉपच्या पत्त्यातला ३.

दोन आठवड्यांपूर्वी नवा रूटर बसवला होता आणि त्याने दोन नेटवर्के सुरू केली होती, एक आमच्यासाठी, एक पाहुण्यांसाठी. लॅपटॉप पाहुण्यांच्या नेटवर्कवर जाऊन बसला होता. इंटरनेट दोन्हींवर चालत होते, म्हणून संशय आला नाही. पण २२४.०.० ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरची हाक रूटर एका नेटवर्कातून दुसऱ्यात जाऊ देत नाही. ती शेजाऱ्यांपुरतीच असावी असाच नियम आहे. शिवाय पाहुण्यांनी घरातल्या यंत्रांना हात लावू नये म्हणून तर ते नेटवर्क वेगळे ठेवलेले असते. लॅपटॉप हजार मैलांवरच्या संगणकांशी बोलत होता आणि दहा फुटांवरच्या पेटीला त्याची हाक ऐकू जात नव्हती.

नेटवर्क बदलले आणि पेटी दिसली. रूटरमध्ये तिच्यासाठी एक कायमचा पत्ता राखून ठेवला. मुलाने तो पत्ता आणि नेटवर्कचे नाव मार्करने एका चिकटपट्टीवर लिहून पेटीवर लावले, आणि मागच्या बटणावर दुसरी पट्टी चिकटवली. त्याच्या लॅपटॉपची डिस्क ऑगस्टमध्ये कायमची बंद पडली.