माजघर आणि कर्णा

१९५६ सालच्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत आठवड्यातून दोनदा, दिवेलागणीच्या सुमारास, वीसेक शेतकरी एका रेडिओभोवती जमत, पुणे केंद्रावरून येणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लक्षपूर्वक ऐकत, आणि तो संपल्यावर त्यावर आपसांत चर्चा करून आपल्या शंका केंद्राकडे लिहून धाडीत. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने केलेल्या या प्रयोगाचे परीक्षण टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी केले, आणि श्रोत्यांच्या ज्ञानात किती भर पडली याचा हिशेब त्यांनी मांडला. तो हिशेब मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु आज आपल्या नगर जिल्ह्याच्या श्रवणाचा इतिहास लिहू पाहताना माझे मन त्या प्रयोगाच्या एका अगदी लौकिक अंगाकडे ओढ घेते. एक संच, त्याचा एक कर्णा, वीस माणसे, आणि गावात वीस माणसांना एकत्र बसता येईल अशी जागा म्हणजे चावडी, शाळेची खोली किंवा देवळाचा सभामंडप. यांपैकी जागा कोणतीही निवडली, तरी वक्त्याचा शब्द शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्याच्या कानी स्पष्ट पडला पाहिजे, हा प्रश्न प्रत्येक गावाला आपापल्या भिंतींच्या साक्षीने सोडवावा लागला असणार.

तो प्रश्न क्षुल्लक नाही. आज लाखो रुपये मोजून उत्तम प्रतीचे स्पीकर घरी आणणाऱ्या रसिकापुढेही नेमका तोच प्रश्न उभा असतो, आणि बहुधा तो दुकानातून परतल्यानंतरच त्याच्या ध्यानी येतो. ज्याला आपण यंत्राचा आवाज म्हणतो त्यातला मोठा हिस्सा खोलीचा असतो. हे आपल्या मुलखातील जुन्या माणसांना शास्त्राने नव्हे, तर वहिवाटीने ठाऊक होते.

नगरच्या मुलखाला काळा पाषाण विपुल. अकोले तालुक्यातील रतनवाडीच्या अमृतेश्वरापासून ते निजामशाहीच्या दर्गे-मशिदींपर्यंत येथील प्रत्येक अंमलाने आपली स्मृती दगडात ठेवली. १५८३ साली पुरा झालेला फराहबागेचा महाल आज भोवतालच्या पाण्याविना उभा आहे, पण त्याच्या मधल्या दालनात, उंच घुमटाखाली उभे राहून कोणी एक शब्द उच्चारला की तो शब्द विरण्यापूर्वी पुढचा त्यावर येऊन आदळतो आणि अर्थ पुसला जातो. अशा वास्तूत गायकाची आस लांबते, पण कीर्तनकाराचे निरूपण बुडते. हे का घडते याची पहिली नेमकी मोजदाद अमेरिकेत वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाने १८९५ नंतर केली. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द जवळजवळ साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबिनने रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या वाहून आणून त्या खोलीत मांडल्या, मांडल्या तितक्या मोजल्या, आणि निनाद किती आखडला ते पुन्हा पुन्हा टिपले. निष्कर्ष असा निघाला की खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनाद दीर्घ, आणि ध्वनी गिळणारे पृष्ठ जितके अधिक तितका तो ऱ्हस्व.

आमच्या जिल्ह्यातील माळवदी घरात या गाद्या जणू बांधतानाच घातलेल्या असत. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण, किलचणावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे ते छत; हात-दीड हात रुंदीच्या, आतून मातीने लिंपलेल्या भिंती; शेणाने सारवलेली जमीन; भिंतीत कोनाडे, देवळ्या, खुंट्या; कोपऱ्यात धान्याच्या कणग्या आणि गोधड्यांची चळत. घर मोजायचे ते फुटांनी नव्हे, खणांनी. अशा पाच खणी माजघरात टाळी वाजवून पाहावी: ती वाजते आणि संपते, मागे शेपूट राहत नाही. सपाट, गुळगुळीत, समोरासमोर उभी असलेली पृष्ठे तेथे नसतातच. कड्यांच्या रांगेवर आवाज फुटतो, मातीत जिरतो, आणि खालच्या पट्टीतला, भिंत हलवू पाहणारा नाद त्या लाकडी छताच्या लवचिकपणात बराचसा विसावतो. ओवी, भूपाळी, जात्यावरचे गाणे या साऱ्यांना जो जवळिकीचा स्वर लाभला, त्यात या बांधणीचा वाटा आहे असे मला मनापासून वाटते.

याच घरांत प्रथम चोंगा आला आणि मग रेडिओ. ग्रामोफोनच्या चोंग्याला विजेचे साहाय्य नव्हते. सुईच्या कंपाने पडदा हलावा आणि त्या इवल्या हालचालीला कर्ण्याच्या पसरत्या मुखाने हवेशी जोडून द्यावे, एवढीच त्याची शक्ती. पुढे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी, चुंबकाच्या फटीत लोंबणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू अशा रचनेचा ध्वनिवर्धक सिद्ध केला, आणि आजचे बहुतेक स्पीकर, मग ते कितीही मोलाचे असोत, त्याच घराण्यातले आहेत. त्यांचा निबंध १९२५ चा. त्याच वर्षी, १० जुलै रोजी, नगरपासून काही मैलांवरच्या अरणगावाजवळ मेहेराबाद येथे आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी मौन धरले, आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही; प्रथम अक्षरफलकावर बोट फिरवून आणि १९५४ नंतर केवळ हातांच्या खुणांनी ते बोलत राहिले. या दोन घटनांत कार्यकारणाचा धागा नाही हे मी जाणतो. तथापि मानवी आवाज अमर्याद मोठा करण्याची किल्ली ज्या वर्षी जगाच्या हाती आली, त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात एका माणसाने आपला आवाज आवरून धरला, हा योग माझ्या चित्तातून जात नाही. शिवाय ते मौन संगीताला पारखे नव्हते. बाबांना कव्वाली प्रिय होती, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देहत्यागानंतर समाधीत एका पाश्चात्य गीताची तबकडी वाजविण्यात आली. आजही अमरतिथीला, म्हणजे त्यांच्या देहत्यागाच्या दिवशी, दुपारी बारा वाजता पाव तास सारा जमाव निःशब्द होतो. त्या पाव तासात कोणी ध्वनिशास्त्राचा अभ्यासक तेथे असेल तर त्याला कळावे की ज्या भूमीत पार्श्वभूमीचा गलबला इतका अल्प असू शकतो, तेथे संगीत ऐकण्यास शक्तीही अल्पच लागते.

रेडिओच्या काळाकडे येतो. १९२७ साली मुंबईचे आणि १९५३ च्या गांधीजयंतीला पुण्याचे केंद्र सुरू झाले. भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी शेतात खेळू लागल्याला तेव्हा पाव शतक लोटले होते. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ साली झाला, आणि उसाचा पैसा ज्या ज्या वाटांनी घरात शिरला त्यांतली एक वाट रेडिओची होती. टपाल कचेरीतून परवाना काढावयाचा, माळवदावर तांब्याच्या जाळीची एरियल ताणावयाची, आणि लाकडी पेटीचा तो व्हॉल्व्हचा संच माजघराच्या कोनाड्यात प्रतिष्ठित करावयाचा, असा तो विधी. माझ्या आजोळचा संच असाच कोनाड्यात असे. मामा त्याला कधी आत सरकवीत, कधी चार बोटे बाहेर ओढीत, आणि तबल्याचा डग्गा घुमेनासा होऊन बोल उमटू लागला की म्हणत, “आता बसला.” भिंतीच्या आणि कोपऱ्याच्या सान्निध्याने खर्ज वाढतो, आणि कोनाड्याच्या पोकळीला स्वतःचा एक नाद असतो, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

त्या संचांच्या दुसऱ्या एका गुणाकडे आज दुर्लक्ष होते. एका व्हॉल्व्हचा तो अॅम्प्लिफायर चार-पाच वॉटांहून अधिक शक्ती देत नसे, बॅटरीवर चालणारा तर त्याहूनही कमी. म्हणून त्याला जोडलेला कर्णा हलक्या कागदाचा, रुंद आणि चपळ असावा लागे. एका वॉटाच्या बळावर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, या मापाला कर्ण्याची संवेदनशीलता म्हणतात. जुने रुंद कर्णे पंच्याण्णवच्या पलीकडे सहज जात. पुढे १९५४ साली एडगर विल्चर यांनी बंद पेटीतील हवेलाच कमान बनवून छोट्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला. मोल एवढेच द्यावे लागले की ती पेटी शक्ती भरमसाट मागू लागली. दहा डेसिबलांची तूट भरून काढावयाची तर दसपट वॉट लागतात. बीबीसीने सत्तरीच्या दशकात एलएस तीन-पाच-ए नावाचा जो लहानसा स्पीकर घडविला, त्याची संवेदनशीलता अवघी ब्याऐंशी-त्र्याऐंशी होती. पण तो फिरत्या ध्वनिमुद्रणगाडीच्या अरुंद डब्यात, हातभर अंतरावरून ऐकण्यासाठी होता, आणि त्या डब्यात तो सर्वथा योग्यच होता. उत्तम स्पीकर कोणता, या प्रश्नाला म्हणूनच मला काही अर्थ दिसत नाही. कोणत्या खोलीत आणि कोणत्या अॅम्प्लिफायरला, एवढे सांगितल्याशिवाय तो प्रश्नच पुरा होत नाही.

राहाता तालुक्यातील माझ्या एका स्नेह्याच्या घरी हे मी फार जवळून पाहिले. बारा वॉटांचा एक जुना व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घरात होता, आणि तो सोडावयाचा नाही असा त्यांचा निग्रह. वाड्याशेजारी सिमेंटचा नवा बंगला बांधला. त्याचा दिवाणखाना अठरा फूट लांब आणि अठराच फूट रुंद, खाली चकचकीत फरशी, दोन बाजूंना काचेची तावदाने. शहरातल्या एका दुकानातून त्यांनी पुरुषभर उंचीची, अतिशय महागडी जोडी आणली. दुकानात ती अलौकिक वाजली होती. घरी मात्र विलंबित ख्याल लावला की तबल्याचा डग्गा सारी खोली व्यापून टाकी, गायकाचा शब्द तावदानांवर खळखळे, आणि आवाज थोडा चढविला की तो फाटे. मी फूटपट्टी घेऊन हिशेब केला. अठरा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची अर्धी लहर बसते ती ३१ हर्ट्झला, मग ६२ ला, मग ९४ ला. लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्ही दिशांचे नाद एकमेकांवर चढतात, आणि डग्ग्याचा मूळ स्वर बहुधा ऐंशी ते शंभराच्या दरम्यान असल्याने तो नेमका या सापळ्यात सापडतो. त्यात त्या जोडीची संवेदनशीलता शहाऐंशी, आणि तिचा विद्युत्-रोध काही स्वरांवर तीन ओहमांपर्यंत उतरणारा. बारा वॉटांच्या त्या वृद्ध व्हॉल्व्हांवर हा भार म्हणजे वासराला मोटेला जुंपण्यासारखे होते. दोष जोडीचा नव्हता. भरभक्कम ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर आणि लांबट, गालिच्याने आच्छादलेली खोली मिळाली असती तर ती आजही त्या घरात असती.

ती परत गेली, काही तोटा सोसून. तिच्या जागी आठ ओहमांची, शहाण्णव संवेदनशीलतेची, रुंद कागदी शंकूची एक साधीच दिसणारी जोडी आली, अॅम्प्लिफायरच्या पाठीवरील आठ ओहमांच्या खुंटीला जोडली गेली, आणि दिवाणखान्यात नव्हे तर वाड्याच्या जुन्या माजघरात उतरली. दोन रात्री आम्ही तिला इंच-इंच सरकवीत होतो. एक जण तानपुऱ्याची तबकडी लावून मधल्या खणात डोळे मिटून बसे आणि दुसरा भिंतीपासूनचे अंतर बदली. मागची भिंत हातभर जवळ असताना खर्जाची तार जोडाच्या तारांवर सावली धरी. अडीच फुटांवर ती आपल्या जागी गेली आणि जोडाच्या दोन तारांमधील अतिसूक्ष्म भेद, वाजविणाऱ्याच्या बोटांचा क्रम, जव्हारीची झिळमिळ, सारे वेगवेगळे दिसू लागले. बाहेर रातकिडे आणि दूरची एक मोटार, याखेरीज काही नव्हते. अॅम्प्लिफायरच्या बारा वॉटांपैकी एकदेखील पुरा खर्ची पडत नसावा.

पहाटे स्नेह्यांच्या मातोश्री चूल पेटवावयास आल्या, क्षणभर उंबऱ्यात थांबल्या आणि विचारत्या झाल्या, “कोण आलंय गायला?” त्या जोडीखाली शहाबादी फरशीचे दोन तुकडे आहेत, आणि त्यांच्याभोवती जमिनीवर गेरूने आखलेल्या चार-चार रेघा. माजघर सारवताना त्या रेघा आजही वगळल्या जातात.