आपला आज्ञाधारक

शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवलं. अर्जाच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापायचो. आज्ञाधारक म्हणजे कोणाच्या आज्ञेत, हे एकाही मुलानं विचारलं नाही. मलाही प्रश्न पडला तो निवृत्तीनंतर, पंडिता रमाबाईंची पत्रं वाचताना. १९७७ साली साहित्य संस्कृती मंडळानं ती छापली. पत्रं इंग्रजी, त्यामुळे शब्दकोश शेजारी घेऊन बसावं लागलं.

बारामतीहून सुप्यामार्गे निघा किंवा इंदापूरहून सोलापूर रस्त्यानं, पुण्याला जाताना चौफुला लागतोच. तिथून जवळच केडगाव, रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव. आयुष्यभर एसटीनं त्या फाट्यावरून गेलो, उतरलो मात्र नाही.

बायबलच्या जुन्या करारात अब्राहामाची गोष्ट आहे. देश, गोत, बापाचं घर सोड आणि मी दाखवीन तिकडे चल, असं देव सांगतो. कुठे ते सांगत नाही. तो निघतो. वय ७५! (मला मुलगा पुण्याला राहायला बोलावतो तर पाय निघत नाही.) ख्रिस्ती परंपरेत आज्ञापालनाचा नमुना म्हणून हीच गोष्ट सांगतात.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. लगेच वडीलधाऱ्यांच्या आज्ञा सुरू झाल्या. चेल्टनहॅमला पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणं बिशपांना रुचेना. हिंदुस्थानात गेल्यावर लोक काय म्हणतील, अशी त्यांची धास्ती. रमाबाईंनी कळवलं ते थोडक्यात असं, की मी ख्रिस्ताची झाले, धर्मगुरूंच्या प्रत्येक शब्दाची बांधील झाले नाही. देवाची आज्ञा आणि माणसाची आज्ञा यांत त्या गल्लत होऊ देत नव्हत्या.

इकडे शारदा सदन १८८९ साली मुंबईत उघडलं, पुढे पुण्याला आलं. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून गदारोळ झाला. रानडे-भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. म्हणजे चर्चही नाराज, सुधारकही नाराज.

मग १८९६चा दुष्काळ. दुष्काळ काय असतो हे आम्हा इंदापूरकरांना सांगायला नको. रमाबाईंचे तर आईवडील १८७४च्या सुमारास अशाच उपासमारीत गेले होते. मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींची वार्ता ऐकून त्या निघाल्या. अमेरिकेतली मदत शारदा सदनातल्या विधवांसाठी, तीही दहा वर्षांच्या बोलीची. या नव्या मुलींना खाऊ कुठून घालायचं, याचा हिशेब हातात नव्हता. सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्यांना ठेवायला मनाई झाली, तेव्हा केडगावच्या शेतात तात्पुरत्या झोपड्या उठल्या. १९०० पर्यंत ही संख्या दीड हजारावर गेली.

एक गोष्ट मला अजून टोचते. उपाशी पोरीला ज्या घरी भाकरी मिळाली, त्या घरचा धर्म नाकारण्याची मोकळीक कितपत राहते? स्वतः रमाबाईंनी बिशपांना 'नाही' म्हटलं. तसं त्यांना 'नाही' म्हणणं त्या मुलींना किती सोपं होतं? टीकाकारांचा हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण टीका करणाऱ्यांपैकी किती जण त्या दुष्काळी मुलखात गेले होते, हेही विचारावंसं वाटतं.

उतारवयात त्या हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवत बसल्या, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, तरी काम सुटलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. छापलेलं संपूर्ण बायबल त्यानंतर बाहेर पडलं.

गेल्या महिन्यात चौफुल्याला उतरलो.