राजूरमध्ये राजूरकर का नसतात?

मराठीच्या वर्गात स्थलनामांचा पाठ शिकवताना आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना एक छोटा स्वाध्याय देतो. आपल्या आडनावाचा उगम शोधा, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि दोन पाने लिहून आणा. बहुतेक उत्तरे ठरावीक असतात. कुणी पाटीलकीची कथा लिहितो, कुणी एखाद्या शूर पूर्वजाची. काही वर्षांपूर्वी मात्र एका विद्यार्थिनीने जे लिहून आणले, त्याने आम्हांलाच पुन्हा पुस्तकांकडे वळवले. तिचे आडनाव राजूरकर. तिने लिहिले होते, "आमचे आडनाव राजूरचे आहे, पण राजूरमध्ये त्या नावाने आम्हांला कुणीच ओळखत नाही."

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, जालना-भोकरदन रस्त्यावर वसलेले राजूर हे गणपतीचे प्रसिद्ध स्थान आहे. अंगारकी चतुर्थीला येथे मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांची रीघ लागते. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात वरेण्य राजाला गणपतीने गणेशगीता सांगितल्याची कथा आहे. त्या कथेतील 'राजसदन' क्षेत्र म्हणजेच हे राजूर, अशी परंपरेची श्रद्धा आहे. अशा नामांकित गावावरून आडनाव पडले असेल, तर ते अभिमानाने मिरवणारी घराणी गावातच सापडावीत, अशी कुणाचीही सहज अपेक्षा असते. ती अपेक्षा का फसते, हाच या लेखाचा विषय आहे.

आडनावांच्या भौगोलिक अभ्यासाची एक जुनी परंपरा इंग्लंडमध्ये आहे. हेन्री गप्पी या निसर्गशास्त्रज्ञाने 1890 साली ब्रिटनमधील कुलनामांच्या मूळ ठिकाणांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची पद्धत साधी आणि हुशारीची होती. त्याने सगळ्या लोकसंख्येची नावे मोजली नाहीत. परगण्यांच्या व्यावसायिक नामसूचींतून फक्त शेतकऱ्यांची नावे घेतली, कारण शेतकरी जागचा हलत नाही. ज्या जिल्ह्यात एखादे दुर्मीळ आडनाव शेतकऱ्यांत दाटीने आढळते, तेच त्याचे माहेर, असा त्याचा कयास. पुढे 1881 च्या ब्रिटिश जनगणनेच्या नोंदी अभ्यासकांच्या हाती आल्या आणि अशा आडनावांचे नकाशेही तयार झाले. दुर्मीळ नाव नकाशावर एका ठिपक्याभोवती गोळा होते आणि तो ठिपका बहुधा एखाद्या खेड्याचा असतो. सन 2000 मध्ये तर 'साइक्स' या यॉर्कशरच्या आडनावावर जनुकीय अभ्यासही झाला. तपासलेल्या पुरुषांपैकी निम्म्याच्या आसपास जणांत एकच पितृवंशीय खूण आढळली. म्हणजे एक नाव आणि एक कूळ हे समीकरण तेथे काही प्रमाणात खरे ठरते.

हीच पद्धत आपल्या करान्त आडनावांना लावून पाहू. गप्पीच्या रीतीने राजूरच्या परिसरातील शेतकऱ्यांची नावे काढली, तर त्यांत राजूरकर सहसा मिळणार नाहीत. राजूरमध्ये सगळेच राजूरचे. तेथे कुणाला राजूरकर म्हणण्याने काहीच वेगळे सांगितले जात नाही. गावात माणूस ओळखला जातो तो भावकीने, वतनाने, धंद्याने, नाहीतर वाड्याच्या जागेवरून. 'राजूरकर' हा शब्द जन्माला येतो तो माणूस वेस ओलांडून दुसऱ्या गावी गेल्यावर, आणि तो देणारे त्या दुसऱ्या गावचे लोक असतात. पुण्यात राहणारा आज स्वतःला पुणेकर म्हणवतो खरा, पण ते विशेषण आहे, आडनाव नव्हे. आडनावातला 'कर' हा निघून गेल्याचा प्रत्यय आहे. म्हणून नकाशावर अशा आडनावाचे ठिपके मूळ गावाभोवती गोळा होत नाहीत. गावाची जागा रिकामी राहते आणि ठिपके तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि राजधानीच्या शहरांत दिसू लागतात.

गावाने ओळख सांगण्याची ही रीत मात्र फार प्राचीन आहे, आणि तिचा एक सुंदर पुरावा राजूरच्या शेजारीच मिळतो. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. 1973 साली येथे उत्खनन झाले आणि सातवाहनकालीन समृद्ध नगराचे अवशेष उजेडात आले. पण या नगराचे नाव त्याच्याही आधी ठाऊक होते, ते मध्य प्रदेशातील सांची आणि भरहुत येथील स्तूपांवरच्या दानलेखांमुळे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तेथे दान देणाऱ्या काही जणांनी आपल्या नावासोबत भोगवढन हे आपले गाव कोरवून घेतले. खुद्द भोकरदनमध्ये त्यांना तसे सांगण्याची गरज पडली नसती. शेकडो मैल दूर, अनोळखी लोकांत आल्यावरच गाव नावाला चिकटले. आज भोकरदनकर म्हणवणारा आणि तो प्राचीन दाता यांच्यात रक्ताचे नाते शोधणे व्यर्थ, पण नाव पडण्याची तऱ्हा एकच आहे.

उलट उदाहरण याच जिल्ह्यातले. समर्थ रामदास 1608 साली जांब येथे जन्मले. ते देशभर हिंडले, पण त्यांना कुणी जांबकर म्हटले नाही. त्यांच्या घराण्याचे ठोसर हे आडनाव अभ्यासकांपुरते उरले आणि संतनाम तेवढे लोकांत राहिले. तेव्हा स्थलांतर झाले की 'कर' लागतोच, असा नियम नाही. तो लागण्यासाठी नाव लिहून घेणारा कुणीतरी समोर असावा लागतो.

हा लिहून घेणारा प्रत्येक काळात निराळा होता. मराठेशाहीत तो दरबारचा कारकून होता. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले. सासवडकडच्या दाणी घराण्यातील विठ्ठल शिवदेव नाशिककडील विंचूरच्या जहागिरीमुळे विंचूरकर म्हणून प्रसिद्ध झाले. येथे गाव जन्माचे नाही, मिळकतीचे आहे. असाच प्रकार इंग्लंडातही दिसतो. बाराव्या शतकात हार्टबर्न गावाचे नाव लावणाऱ्या विल्यम नावाच्या एका जमीनदाराने डरहॅम परगण्यातील वॉशिंग्टन येथील जमीन घेतली आणि नावही बदलले. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचे आडनाव त्या दुसऱ्या गावाचे आहे. एकोणिसाव्या शतकात कारकुनाची जागा शाळामास्तरांनी घेतली. डॉ. बाबासाहेबांचे मूळ आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचा प्रवेश झाला, तेव्हा हजेरीपुस्तकात नाव नोंदले गेले ते भिवा रामजी आंबेडकर असे. एका खेड्याचे नाव किंचित बदललेल्या उच्चाराने जगभर पोचले, ते शाळेच्या दप्तरातून.

तेव्हा 'राजूरकर' या आडनावाचा उगम एकच असणार नाही, हे उघड आहे. शिवाय राजूर हे गावही एकच नाही. एक राजूर अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर आहे. दुसरे यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळ, कोळशाच्या खाणींच्या टापूत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा हे तालुक्याचे ठिकाण आहे. तेथून बाहेर पडलेलाही राजूरकरच होतो आणि रोमन लिपीत नाव लिहिले की उरलासुरला ऱ्हस्वदीर्घाचा फरकही पुसला जातो. नावातील 'ऊर'बद्दलही दोन मते संभवतात. 'पुर'मधील प लोपून राजपूरचे राजूर झाले असे एक, आणि 'ऊर' हा गाववाचक द्राविडी शब्दच येथे टिकला आहे असे दुसरे. विश्वनाथ खैरे यांनी मराठीच्या द्राविडी अंगाची जी मांडणी केली, ती वाचलेल्यांना या दुसऱ्या शक्यतेचे महत्त्व पटवून द्यायला नको. व्युत्पत्ती कोणतीही घ्या, एवढे खरे की असे नाव अनेक गावांना स्वतंत्रपणे पडू शकते.

आता विस्ताराचा प्रश्न. जालन्याचे राजूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात औरंगाबाद जिल्ह्यात होते. 1956 मध्ये ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि 1 मे 1981 रोजी नव्या जालना जिल्ह्यात. चंद्रपूरचे राजुराही हैदराबाद संस्थानातच, आदिलाबाद जिल्ह्यात होते. वणी मात्र वऱ्हाडात आणि अकोले मुंबई इलाख्यात. म्हणजे चार गावांचे लोक तीन वेगवेगळ्या राजवटींच्या शहरांकडे गेले असणार. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मराठवाड्याची वाट औरंगाबादला आणि हैदराबादला जात होती, वऱ्हाडची अमरावती-नागपूरला आणि अकोल्याची नाशिक-मुंबईला. हैदराबादचे राज्यशास्त्राचे अभ्यासक न. ग. राजूरकर यांनी नरहर कुरुंदकरांसह जवाहरलाल नेहरूंवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दोन करान्त नावे शेजारीशेजारी उभी आहेत. कुरुंदकरांचे कुरुंदा वसमत तालुक्यात, त्यामुळे त्या नावाचा माग लगेच लागतो. राजूरकर या नावाचा माग मात्र घराण्याच्या कागदांशिवाय लावू नये.

'कर'चे राज्य पूर्वेकडे जिथे सरते, तिथे तेलुगू 'वारु'पासून आलेला 'वार' सुरू होतो. नांदेड, यवतमाळ आणि चंद्रपूरच्या पट्ट्यात कन्नमवार, मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी नावे दाट आहेत. दक्षिणेकडे गोव्यात पर्रा गावचे पर्रीकर, बांदोड्याचे बांदोडकर, आणि मंगेशीवरून दीनानाथांनी धारण केलेले मंगेशकर. धर्मांतर झालेल्या कुटुंबांनी मात्र पोर्तुगीज आडनावे घेतली, आणि त्यांच्यापुरता गावांचा हा नकाशा पुसला गेला. सर्वांत दूर गेलेला 'कर' बेने इस्रायलींचा. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर, किहीमचे केहीमकर. कुलाब्याच्या किनाऱ्यावर तेल गाळणाऱ्या या यहुदी समाजाने शंभराहून अधिक गावे आपल्या आडनावांत जपली. 1948 नंतर बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. आज अश्दोद किंवा दिमोना येथे ज्या दारावर पेणकर अशी पाटी असेल, त्या घरात पेण न पाहिलेली पिढी वाढत असेल.

येथवर आम्ही भूगोल सांगितला. पण वर्गातील प्रश्न भूगोलाचा नव्हता. त्या विद्यार्थिनीच्या आजोबांनी 1972 च्या दुष्काळात गाव सोडले. रस्त्याच्या खडी फोडण्याच्या कामावरून ते एका शहरात आले आणि मुलाला शाळेत घातले. गुरुजींनी आडनाव विचारले. गावात त्यांना ज्या नावाने हाक मारत, ते जातीचे आणि हलक्या मानलेल्या कामाचे नाव होते. आजोबा गप्प राहिले. "गाव कोणते?" "राजूर." "मग राजूरकर लिहितो." एवढ्यावर ते आडनाव झाले. तिचा प्रश्न सरळ होता. हे आडनाव मग खोटे म्हणायचे का? आणि एका मुलाखतीत तिला "राजूरकर म्हणजे नेमके कोणते?" असे विचारले गेले, तेव्हा त्या प्रश्नात भूगोल किती होता?

आम्हांला वाटते, करान्त आडनावांचे मोल नेमके येथे आहे. गावाचे नाव पाटलालाही मिळते, जोशालाही मिळते आणि वेशीबाहेर ठेवलेल्यालाही मिळते. जातीची खूण नावातून काढून टाकण्याची सोय मराठीने या एका प्रत्ययात करून ठेवली. ही सोय पुरेशी नाही, हे "नेमके कोणते?" या प्रश्नावरून दिसतेच. त्यातच 2023 पासून निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला आणि त्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. त्या मागणीचे आंदोलन याच जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीतून पेटले. जुन्या कागदात आपल्याला काय म्हटले आहे, यावर शिक्षण आणि नोकरी ठरू शकते, हे आज प्रत्येक घर जाणते. ज्या कागदापासून एका आजोबांनी नातीला दूर नेले, तोच कागद दाखल्यासाठी तिला पुन्हा शोधावा लागतो.

तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिला वर्गातच दिले. विंचूरकर हे नाव जितके खरे, वॉशिंग्टन जितके खरे, तितकेच हेही खरे. यांपैकी कोणतेही नाव अनादि नाही. प्रत्येक नाव कधीतरी, कुणीतरी, गावाबाहेर लिहून घेतलेले आहे. तिच्या घराण्यात ते पन्नास वर्षांपूर्वी लिहिले गेले, आणि लिहिणारा कोण होता हेही ठाऊक आहे. थोड्या घराण्यांना आपल्या आडनावाचा इतका नेमका पुरावा देता येतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुढच्या चतुर्थीला ती वडिलांसोबत राजूरला जाऊन आली. देवळाबाहेर भेटलेल्या एका वृद्धाने आजोबांचे नाव सांगताच ते घर ओळखले, आणि अर्थातच त्या जुन्या नावाने ओळखले. स्वाध्यायाच्या दुसऱ्या मसुद्यात तिने ते नाव लिहिले, मग एक रेघ मारून खोडले, आणि खोडलेले दिसेल असेच ठेवून पाने आमच्याकडे दिली. आम्ही त्यावर लाल शाईने काहीही लिहिले नाही.