तळटीप : अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी

लेखकाने ७५ मिलिग्रॅमच्या अ‍ॅस्पिरिनला ‘नावापुरती’ म्हटले आहे; ते मान्य करता येत नाही. रक्तातली अ‍ॅस्पिरिन वीसेक मिनिटांत निम्मी होते, हे खरे. पण तेवढ्यात ती प्लेटलेटमधले कॉक्स-१ हे विकर कायमचे निकामी करते. हेच विकर थ्रॉम्बॉक्सेन घडवून आणते आणि त्यामुळे आजूबाजूच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू लागतात. प्लेटलेटला केंद्रक नसते, म्हणून नवे विकर तिला जवळपास बनवताच येत नाही. आठ-दहा दिवसांच्या आयुष्यातले उरलेले दिवस ती तशीच काढते. अस्थिमज्जेतून मात्र रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट्स येतात, म्हणून गोळी रोजची. १९८८च्या आयसिस-२ चाचणीत सतरा हजारांहून अधिक रुग्ण होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर महिनाभर रोज सुमारे १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. याला नावापुरते कसे म्हणावे?

मग धडधाकट माणसानेही ती का घेऊ नये, असा आक्षेप रास्त आहे. पण जखमेतले रक्त थांबवायलाही याच प्लेटलेट्स लागतात. हृदयविकार नसलेल्या वृद्धांवरील अ‍ॅस्प्री चाचणीत (२०१८) हृदयविकार फारसे टळले नाहीत, गंभीर रक्तस्राव मात्र वाढले. प्लेटलेट्सना चिकटू न देणारे दुसरे औषध, क्लोपिडोग्रेल, प्लेटलेटवरचा एडीपी या रेणूचा संदेश घेणारा पी२वाय१२ ग्राही अडवते. वाट वेगळी, धोका तोच. तरीही स्टेंट बसवलेल्यांनी दात काढायचा म्हणूनही ही औषधे परस्पर थांबवू नयेत. आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. — संपादक