भाकर कोणाची, हात कोणाचा?

१९६०च्या दशकातील दुधाच्या भुकटीची आठवण आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांना असेल. मिशनच्या आवारात रांग लागे आणि लेकरांना वाटे, हे दूध चर्चचे आहे. वस्तुतः ते चर्चचे नव्हते.

१९५४ साली अमेरिकेने 'पब्लिक लॉ ४८०' हा कायदा केला. आपल्या शेतकऱ्यांचे शिल्लक धान्य गरजू देशांना सवलतीने विकावे व काही भाग धर्मादाय संस्थांमार्फत मोफत वाटावा, अशी ती योजना होती. काथोलिक रिलीफ सर्व्हिसेस ही त्यांपैकी एक संस्था. धान्य अमेरिकन सरकारचे; १९५१च्या करारानुसार जकातमाफी आणि देशांतर्गत वाहतुकीचा खर्च भारत सरकारचा; वाटणारा हात मात्र धर्मगुरूंचा आणि धर्मभगिनींचा.

या अन्नाने कित्येकांची भूक भागली, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. परंतु दाता कोण, हे स्पष्ट न राहिल्याने 'दूध देऊन धर्म वाटतात' हा आरोप आपल्या माथी आला.

१९६५ व १९६६च्या लागोपाठच्या दुष्काळांत या मदतीची दुसरी बाजू दिसली. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे हात राखून सोडली. भारताचे शेतीधोरण आणि व्हिएतनाम युद्धाविषयीची त्याची भूमिका, दोन्ही त्यांच्या हिशेबात होती. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आले. भुकेल्याची भाकर अशी परक्याच्या राजकारणाला बांधली गेली. त्या बोचऱ्या अनुभवाने हरितक्रांतीला वेग दिला.

ख्रिस्तसभाही त्यातून शिकली. १९६६ साली काथोलिक व प्रोटेस्टंट बांधवांनी मिळून शेती व पाण्याच्या कामासाठी 'ॲफप्रो' ही संस्था स्थापिली. १९६७ साली पोप सहावे पॉल यांनी 'पोपुलोरुम प्रोग्रेसियो' या परिपत्रात, प्रत्येक राष्ट्राने आपल्या विकासाचे शिल्पकार स्वतः व्हावे, असा विचार मांडला. पुढे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात कार्य केलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. तेथेही पैसा जर्मन सरकारचाच होता. परंतु गावाने श्रमदान करावे व चराईबंदी पाळावी, ही अट होती. गाव तेथे याचक नव्हते, भागीदार होते.

सरकारी पैसा घेणे हे पाप नव्हे. तो कोणाचा, हे लपवणे आणि घेणाऱ्याला कायम घेणाराच ठेवणे, यात दोष आहे. आपल्या धर्मग्रामातून एखाद्या घरी वर्षानुवर्षे धान्याची पिशवी जात असेल, तर ती थांबवू नये, पण त्या घराचा उंबरठा ओलांडून आत बसावे आणि विचारावे, "ही पिशवी लागू नये म्हणून आपण मिळून काय करूया?"