प्रत आणि पडताळा

प्रस्तुत टिपणाचा विषय सर्व्हरवरील प्रतिबिंबित डिस्कांची कसोटी हा असला, तरी त्याचा आरंभ वरूडला लागून असलेल्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपुरापासून करणे उचित होईल. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा साक्षीदारांकडून मिळवून लिहून काढल्या. परंपरा असे सांगते की, पुढील स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. त्यांतून हिराइसापाठ, पिढीपाठ असे निरनिराळे पाठ निर्माण झाले. जेथे आठवणी जुळल्या नाहीत, तेथे वेगळी आठवण ‘वासना’ या संज्ञेने नोंदविली गेली.

एकच मजकूर दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिण्याची पद्धती याच भयातून जन्मली. १९७६ पासून टँडम कंपनीच्या यंत्रांत ती आढळते. १९८८ साली बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व काट्झ यांनी अशा रचनांची वर्गवारी केली, तीत हिला पहिले स्थान मिळाले.

परंतु दुसरी प्रत आहे, एवढ्याने विश्वास ठेवता येत नाही. कसोटी अशी : डिस्कांवर तासन्‌तास लेखन-वाचनाचा भार घालावा, भार चालू असतानाच एक डिस्क काढून घ्यावी, काम अखंड चालते का ते पाहावे, मग कोरी डिस्क बसवून प्रत पुन्हा तयार होऊ द्यावी. हीच घटका सर्वांत बिकट असते. उरलेली डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचली जाते आणि कधीच न वाचलेल्या भागातील दोष तेव्हाच उघडकीस येतो. शेवटी दोन्ही प्रती अक्षरशः ताडून पाहाव्यात.

येथे पाठचिकित्सकाच्या परिचयाचा प्रश्न उभा राहतो. दोन प्रतींत भेद आढळला, तर खरी कोणती? केवळ प्रतिबिंब याचे उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी मजकुरावरून काढलेला पडताळा-अंक, म्हणजे तिसरा साक्षीदार, लागतो. शिवाय चुकून पुसलेला मजकूर दोन्हीकडून सारख्याच निष्ठेने पुसला जातो, आणि एकाच पेटीतील दोन्ही डिस्का वऱ्हाडातील वैशाखाची एकच झळ सोसतात. म्हणून एक प्रत दूर गावी असणे अवश्य आहे.

रिद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. या परिसरातील पोथ्यांची छायाचित्रे डिस्कांवर साठविताना ही कसोटी आधी घ्यावी. स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करणारी माणसे दुसऱ्यांदा लाभतीलच, असे नाही.